पैशाचा वास

रोम जळत असताना नीरो फिडल वाजवीत होता, ही बातमी महाराष्ट्रात घरोघर पोचलेली आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीतला उमेदवारसुद्धा विरोधकावर तोफ डागताना नीरोला हटकून बोलावतो. रोमला ती प्रसिद्ध आग इ. स. ६४ मध्ये लागली आणि फिडल नावाचं वाद्य जन्माला यायला तेव्हा कित्येक शतकं अवकाश होता, ही गोष्ट निराळी. एवढ्या क्षुल्लक कारणासाठी कोणी चांगला दाखला सोडीत नाही.

मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. रोम जळलं. जळक्या जागेवर नीरोनं ‘सोन्याचं घर’ नावाचा महाल बांधला, आवारात तळं खणलं, स्वतःचा शंभर फुटांहून उंच ब्राँझचा पुतळा करायला टाकला आणि इ. स. ६८ मध्ये गळ्यात सुरी खुपसून घेऊन तो मोकळा झाला. ठीक आहे. पण या सगळ्याचं बिल कोणी भरलं?

इतिहास वाचताना असले प्रश्न पडणं हा कॉमर्सच्या पदवीचा आणि बँकेच्या काउंटरमागं घालवलेल्या वर्षांचा परिणाम आहे. दुसऱ्यांना लढाया दिसतात, आम्हाला व्हाउचरं दिसतात. त्या नजरेनं रोमन सम्राटांची रांग तपासत गेलं की एक गृहस्थ अगदी आपल्या ओळखीचा वाटतो. टक्कल, जाडजूड मान, कपाळावर आठ्या, संगमरवरी पुतळ्यातसुद्धा चेहरा असा, की आत्ता म्हणेल, “सही जुळत नाही, दुसरा चेक आणा.” हा व्हेस्पेशियन. बिल यानं भरलं.

घराणंच मुळी आकडेमोडीचं. आजोबा पाँपीच्या सैन्यात होते. फार्सेलसच्या लढाईत सीझरनं पाँपीचा धुव्वा उडवल्यावर आजोबांनी सरळ घर गाठलं आणि लिलावाचे पैसे वसूल करण्याचा धंदा धरला. वडील आशिया प्रांतात जकात गोळा करीत. तिथल्या गावांनी त्यांचे पुतळे उभारले आणि खाली कोरलं, ‘प्रामाणिक जकातदारास’. असा पुतळा मी तरी आजवर दुसरीकडं पाहिलेला नाही. पुढं वडिलांनी आजच्या स्वित्झर्लंडात जाऊन सावकारी केली. म्हणजे त्या देशात पैसा ठेवण्याची आणि फिरवण्याची प्रथा वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे.

अशा घरात, रोमच्या ईशान्येला डोंगराळ सबाइन मुलखातल्या एका खेड्यात, १७ नोव्हेंबर इ. स. ९ रोजी व्हेस्पेशियन जन्मला. त्याची पुढची वाटचाल पाहिली तर हा सम्राट होईल असं कोणाही ज्योतिष्याला वाटलं नसतं. शहराच्या साफसफाईचं खातं त्याच्याकडं असताना कॅलिग्युला सम्राटाला रस्त्यावर चिखल दिसला. त्यानं शिपायांना हुकूम सोडला आणि शिपायांनी व्हेस्पेशियनच्या टोग्याच्या ओच्यात तो चिखल भरला. चिखलानं ओटी भरलेला हा रोमच्या इतिहासातला पहिला अधिकारी असावा. भाविक मंडळींनी मागाहून अर्थ लावला, की मातीच्या रूपानं राष्ट्रच त्याच्या पदरात पडलं. माणूस मोठा झाला की त्याच्या अपमानांनाही शकुनाचा मान मिळतो.

पुढं इ. स. ४३ मध्ये ब्रिटनच्या मोहिमेत त्यानं नाव कमावलं. वीसवर गावं घेतली, वाइट नावाचं बेट जिंकलं. नंतर आफ्रिका प्रांताचा सुभेदार झाला. सुभेदारी म्हणजे त्या काळी दोन पिढ्यांची सोय. हा गडी मात्र गेला तसा परत आला. वाटेत एका गावच्या लोकांनी त्याला सलगम फेकून मारले, तेवढीच काय ती वरकमाई. रोमला आल्यावर हात इतका आखडला, की जमीनजुमला भावाकडं गहाण टाकून त्यानं खेचरांचा व्यापार सुरू केला. लोक त्याला ‘खेचरवाला’ म्हणू लागले.

तशातच नीरो ग्रीसच्या गायनदौऱ्यावर निघाला आणि व्हेस्पेशियनला बरोबर जावं लागलं. आता सम्राट गात असताना मान डोलवणं हा नोकरीचा भाग. पण हा एक तर मधेच उठून जाई, नाहीतर बसल्या जागी पेंगे. मैफलीत डुलक्या काढणाऱ्यांकडं आपण रागानं बघतो. नीरोनं त्याला दरबारच बंद केला. तो आडगावी लपून बसला असताना यहुदी प्रांतातल्या बंडाची बातमी आली. नीरोला कर्तबगार सेनापती तर हवा होता, पण उद्या आपल्याच खुर्चीवर डोळा ठेवणारा नको होता. व्हेस्पेशियनचं घराणं इतकं सामान्य होतं, की त्याच्यापासून कसलीच भीती नव्हती. म्हणून इ. स. ६७ मध्ये त्याची नेमणूक झाली.

नीरो गेल्यावर पुढच्या दीड वर्षात रोमच्या गादीवर गॅल्बा, ओथो आणि व्हिटेलियस असे तिघे बसले आणि तिघेही जिवानिशी गेले. शाखेत वर्षात चार मॅनेजर आले की लेजरचं काय होतं ते आम्ही जाणतो. तिथं तर साम्राज्य होतं. १ जुलै इ. स. ६९ रोजी इजिप्तमधल्या फौजांनी व्हेस्पेशियनचा जयजयकार केला. त्याचं वय तेव्हा एकोणसाठ. ज्या वयात आम्ही निवृत्तीच्या नारळाकडं डोळे लावून बसतो, त्या वयात याला नेमणुकीचं पत्र मिळालं.

चार्ज घेताच त्यानं तिजोरी उघडली. राज्याचा गाडा उभा करायला ४,००० कोटी सेस्टर्स लागतील असं त्यानं सांगितल्याची नोंद आहे. साध्या सैनिकाला तेव्हा वर्षाला ९०० सेस्टर्स पगार होता, यावरून खड्ड्याची खोली कळावी. काही विद्वान म्हणतात, हा आकडा नक्कल करणाऱ्याचा हात चुकल्यामुळं फुगला, मूळ रक्कम ४०० कोटी असावी. रोमन लोकांकडं शून्यच नव्हतं, तरी एका शून्याचा फरक पडायचा तो पडलाच.

मग वसुलीला सुरुवात झाली. माफ झालेले कर पुन्हा बसले, नवे आले, काही प्रांतांचा भार दुप्पट झाला. हिशेबात आपलाही थोडा भाग आहे. थोरला प्लिनी हा व्हेस्पेशियनच्या बैठकीतला माणूस. सम्राट रात्रीच कामाला बसे आणि प्लिनी उजाडण्यापूर्वी त्याच्या भेटीला जाई. या प्लिनीनं आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथात तक्रार करून ठेवली आहे, की हिंदुस्थान दरसाल साम्राज्यातले ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. म्हणजे परकीय चलनाची चिंता त्यांना होती आणि शिल्लक आपल्या बाजूची होती! पैठणहून ऑनिक्सचे दगड आणि तेरहून कापड बैलगाड्यांनी भडोच बंदरात जात असल्याचं त्याच शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात लिहिलेलं आहे. हा माल तांबड्या समुद्रातून रोमन हद्दीत शिरला, की किमतीचा चौथा हिस्सा जकात. सातवाहनांच्या मुलखातल्या विणकरानं काढलेल्या घामातले चार थेंब त्या तिजोरीत पडले असं म्हणायला हरकत नाही.

पण व्हेस्पेशियनचं नाव अजरामर झालं ते निराळ्याच द्रवामुळं. रोममध्ये लघवी हा कच्चा माल होता. तिच्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनियानं लोकरीचे टोगे पांढरेशुभ्र निघतात. त्यामुळं परिटांना ती लागे, कातडी कमावणाऱ्यांना लागे. जिथं खरेदी-विक्री आहे तिथं कर का नसावा? त्यानं लघवीवर कर बसवला.

थोरला मुलगा टायटस जरा नाजूक अभिरुचीचा. तो म्हणाला, “बाबा, हे काही शोभत नाही.” बापानं या कराच्या पहिल्या हप्त्यातलं एक नाणं उचललं, पोराच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, “घाण येतेय?” टायटस म्हणाला, “नाही.” बाप म्हणाला, “आणि तरी हे लघवीतूनच आलंय.” पैशाला वास नसतो, हे वचन पुढं जगभर झालं त्याचं मूळ या संवादात आहे.

व्यवसायाच्या दृष्टीनं मला या वचनात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. नाण्याचं माहीत नाही, पण नोटेला वास असतो. कोळणीच्या नोटांची चळत मोजताना बांगडा आठवतो. फुलवालीच्या नोटांना मोगरा असतो, गिरणीवाल्याच्या नोटांतून पीठ उडतं. काही नोटा मात्र बंडलंच्या बंडलं येतात आणि त्यांना कसलाच वास नसतो. अनुभवी कॅशिअर जरा बिचकतो तो नेमका याच नोटांना.

व्हेस्पेशियनच्या पैशाच्या गोष्टी सांगाव्या तितक्या थोड्या. त्या आपल्यापर्यंत आणल्या सुइटोनियसनं, आणि हाही पुढच्या एका सम्राटाच्या कचेरीत पत्रव्यवहार सांभाळणारा. कारकुनाचं चरित्र कारकुनानंच लिहावं. एका गावाचं शिष्टमंडळ सांगायला आलं, की आम्ही आपला भव्य पुतळा उभारणार आहोत, खर्च अमुक अमुक. सम्राटानं तळहात पुढं केला आणि म्हणाला, “चौथरा तयार आहे, ताबडतोब उभारा.” दरबारातल्या एका हुजऱ्यानं कोणाला तरी आपला भाऊ म्हणून कारभाऱ्याच्या जागेसाठी पुढं केलं. व्हेस्पेशियननं त्या उमेदवाराला गुपचूप बोलावलं, हुजऱ्याला कबूल केलेली रक्कम स्वतः घेतली आणि जागा देऊन टाकली. हुजऱ्या चौकशीला आला तेव्हा म्हणाला, “तू दुसरा भाऊ शोध. हा माझा भाऊ निघाला.” खादाड अधिकाऱ्यांना तो मुद्दाम वरच्या जागा देई आणि गब्बर झाले की खटले भरून पिळून घेई, असाही बोलवा होता. लोक त्यांना सम्राटाचे स्पंज म्हणत. कोरडे असताना भिजवायचे, ओले झाले की पिळायचे.

पण माझी आवडती गोष्ट निराळी. एक बाई त्याच्या प्रेमात वेडी झाली. वेड शमल्यावर त्यानं तिला ४ लाख सेस्टर्स दिले. हे वाचून मला प्रथम आठवण झाली ती त्याच्या हिशेबनिसाची. तो बिचारा वही घेऊन आला, “महाराज, ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकू?” उत्तर मिळालं, “लिही: व्हेस्पेशियनवर जडलेल्या प्रेमापोटी.” दोन हजार वर्षांत इतकी स्वच्छ नोंद झाली नसेल. आमच्यातला कोणीही असता तर ती ‘किरकोळ खर्च’ म्हणून दडपली असती.

अशा माणसाला लोक कंजूष म्हणणारच. तरी नावेची बाजूही पाहिली पाहिजे. लॅटिन आणि ग्रीक वक्तृत्वाच्या शिक्षकांना सरकारी तिजोरीतून वर्षाला १ लाख सेस्टर्स पगार त्यानंच सुरू केला. शिक्षकाचा पगार सैनिकाच्या शंभरपट, हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहितो आहे. शिक्षक वाचकांनी दोनदा वाचावं. यादवीत जळालेलं कॅपिटॉलवरचं ज्युपिटरचं मंदिर पुन्हा बांधायला काढलं तेव्हा मलब्याची पहिली पाटी स्वतः डोक्यावर घेतली. एका कारागिरानं मोठमोठे खांब थोड्या खर्चात टेकडीवर चढवण्याची युक्ती आणली. व्हेस्पेशियननं त्याला भरघोस बक्षीस दिलं, युक्ती मात्र वापरली नाही. म्हणाला, “माझ्या गरीब लोकांना पोट भरू दे.” नीरोच्या महालातलं तळं उपसून त्या जागी त्यानं सर्वांसाठी प्रचंड रंगमंडळ बांधायला घेतलं. एकट्याची जागा होती ती हजारोंची झाली.

इ. स. ७९ च्या जूनमध्ये तो आजारी पडला. अंथरुणावरूनही कागदपत्रं पाहणं आणि शिष्टमंडळांना भेटणं चालूच होतं. मेल्यावर सम्राटाला देव ठरवण्याची रोमन चाल त्याला ठाऊक होती. दुखणं वाढताच म्हणाला, “अरेरे, मी देव होतोय वाटतं!” शेवटी “सम्राटानं उभ्यानं मरावं” म्हणून उठायला गेला आणि सावरणाऱ्यांच्या हातात कोसळला. सख्खा मुलगा मागून गादीवर आलेला हा रोमचा पहिला सम्राट. अंत्ययात्रेत मृताचा मुखवटा घालून त्याची नक्कल करणारा नट असे. त्यानं कारभाऱ्यांना विचारलं, “या सगळ्याला खर्च किती?” “१ कोटी सेस्टर्स.” नट म्हणाला, “मला १ लाख द्या आणि खुशाल टायबर नदीत फेकून द्या.” लोक पोट धरून हसले असतील. ज्याची नक्कल त्याच्या तिरडीपुढं करता येते, तो राजा फार वाईट नसावा.

आता त्याच्या वारशाकडं वळू. त्याचं घराणं फ्लेव्हियन, म्हणून त्या रंगमंडळाचं नाव फ्लेव्हियन रंगमंडळ. इ. स. ८० मध्ये टायटसनं शंभर दिवसांचे खेळ करून त्याचं उद्घाटन केलं. पण आज ते नाव कोणाला ठाऊक आहे? जवळच नीरोचा तो अजस्र पुतळा, म्हणजे कोलोसस, उभा होता. त्यावरून पुढं लोक त्या इमारतीला म्हणू लागले कलोझियम. उधळ्याची उधारी ज्यानं फेडली, त्याच्या इमारतीवर उधळ्याच्या पुतळ्याचं नाव! आणि व्हेस्पेशियनचं नाव कुठं गेलं? एकोणिसाव्या शतकात, १८३० नंतरच्या दशकात, पॅरिसचे कारभारी राम्ब्युतो यांनी रस्तोरस्ती मुताऱ्या बांधल्या. लोक त्यांना राम्ब्युतोंच्याच नावानं ओळखू लागले. अब्रू वाचवण्यासाठी रोमन सम्राटाचं नाव पुढं करण्यात आलं आणि ते चिकटलं: ‘व्हेस्पासिएन’. इटालियन भाषेतही मुतारीला ‘व्हेस्पासियानो’ म्हणतात. काटकसर करणाऱ्यांच्या नशिबी जगात काय येतं, ते यावरून समजावं.

इथं थांबलो असतो तर व्हेस्पेशियनबद्दल वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि माझंही काम झालं असतं. पण ऑडिट म्हटलं की खर्चाच्या पावत्या पाहून उठता येत नाही. जमेच्या रकमा कुठून आल्या, तेही पाहावं लागतं.

कलोझियममध्ये एक दगड सापडला. पाचव्या शतकात तो दुसऱ्या शिलालेखासाठी पुन्हा वापरलेला होता. मूळची ब्राँझची अक्षरं गेली होती, ती बसवण्यासाठी पाडलेली भोकं तेवढी उरली होती. गेझा अल्फल्डी नावाच्या विद्वानांनी १९९५ मध्ये त्या भोकांवरून मूळ मजकूर जुळवून दाखवला. त्यांच्या वाचनाप्रमाणं तिथं लिहिलं होतं, की सम्राट व्हेस्पेशियननं हे रंगमंडळ युद्धातल्या लुटीतून बांधलं.

लूट कुठली? इ. स. ७० मध्ये त्याच टायटसनं जेरुसलेम घेतलं. यहुद्यांचं मुख्य मंदिर जळून खाक झालं. सोन्याचा सातफांदी दिवा रोममध्ये मिरवत नेला. टायटसच्या कमानीवर ती मिरवणूक दगडात कोरलेली आजही दिसते. ९७,००० माणसं कैद झाली असं जोसीफस हा यहुदी इतिहासकार सांगतो. आकडा फुगलेला धरला तरी कैदी कोणी काल्पनिक नव्हते. कोणी खाणीत गेले, कोणी आखाड्यात जनावरांपुढं.

व्हेस्पेशियनमधला हिशेबी माणूस त्यानंतर दिसतो. यहुदी पुरुष जगात कुठंही असला तरी जेरुसलेमच्या मंदिराला दरसाल एक ठरलेली वर्गणी पाठवी. मंदिर गेलं. वर्गणी मात्र सम्राटानं बंद होऊ दिली नाही. ती त्यानं बायकामुलांनाही लागू केली आणि रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिराच्या खात्यावर जमा करायला लावली. ज्या मंदिराच्या मलब्याची पाटी त्यानं हौसेनं डोक्यावर घेतली होती, तेच हे मंदिर. स्वतःचं देऊळ जाळलं गेलेल्या माणसानं जाळणाऱ्याच्या देवळाला दरसाल पट्टी भरायची. जमा-खर्च अगदी चोख जुळतो. एका पैचा फरक निघणार नाही.

लघवीच्या पैशाला घाण येईल म्हणून कुरकुरणारं टायटसचं नाक या पैशाच्या वेळी काय करीत होतं, ते सुइटोनियस सांगत नाही. बापानं चुकीचं नाणं त्याच्या नाकाशी धरलं, असं मला आपलं वाटतं. परिटाचा पैसा कष्टाचा होता. त्याला लाजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

या विजयाची नाणी व्हेस्पेशियननं मुद्दाम पाडली होती. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती काचेमागं मांडलेली असतात. एका बाजूला सम्राटाचं टक्कल, जाड मान आणि कपाळावरच्या त्याच कारकुनी आठ्या. दुसऱ्या बाजूला खजुराचं झाड आणि झाडाखाली जमिनीवर बसून रडणारी एक बाई. नाणं हुंगायची गरज नाही, उलटून पाहिलं की पुरे.